एमईजीचा डेटा पहिल्यांदाच साफ करताय? मग या क्रमाने करा

एमईजी, म्हणजे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजणं, नव्याने शिकणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "आयसीए चालवला तरी डेटा घाणच दिसतोय, आता काय करू?" आणि बहुतेक वेळा गडबड आयसीएत, म्हणजे मिसळलेले सिग्नल वेगवेगळ्या कम्पोनंटमध्ये फोडणाऱ्या गणितात, नसतेच, ती तीन-चार पायऱ्या आधीच झालेली असते, एखादं खराब चॅनल (एका सेन्सरची नोंद) तसंच राहिलेलं असतं नाहीतर रेकॉर्डिंगच्या वेळी कुणाच्या तरी पदराला सेफ्टी पिन असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. माझं म्हणणं एवढंच, की कुठलाही नॉइज काढायच्या आधी तो कशाचा आहे ते ओळखायचं, आणि ओळखता येत नसेल तर त्याला हात लावायचा नाही.

भारतात एमईजीची मशिनं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बेंगळुरूला निम्हान्समध्ये आहे, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात आहे, आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने तर स्क्विडवर, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र पकडणाऱ्या सुपरकंडक्टिंग सेन्सरवर, चालणारी सिस्टिम स्वतःच उभी केली. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून शिकणाऱ्याला फुकट मिळणाऱ्या डेटावरच हात बसवावा लागतो. एमएनई-पायथॉन हे एमईजीचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्याच्यासोबतचा सॅम्पल डेटासेट उतरवून घ्या, दीड जीबीच्या आसपास आहे, बोस्टनच्या मार्टिनोस सेंटरमधला. माणसाला डावीकडे-उजवीकडे चेकरबोर्ड दाखवलेत, डाव्या-उजव्या कानात बीप दिलेत, आणि मधूनच एक हसरा चेहरा येतो तेव्हा त्याने बटण दाबायचंय. पुढे मी अधूनमधून याच डेटाची उदाहरणं देणार आहे.

मुळात एवढा नॉइज का

मेंदूतून कवटीबाहेर येणारं चुंबकीय क्षेत्र साधारण १०० फेम्टोटेस्लाच्या घरात असतं, डोळे मिटल्यावरची अल्फा लहर जोरदार असली तर हजारेक फेम्टोटेस्ला, म्हणजे एक पिकोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्र ५० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे आपल्या सिग्नलच्या जवळपास पन्नास कोटी पट. पृथ्वीचं क्षेत्र निदान स्थिर तरी असतं, खरा त्रास देतात ती हलणारी आणि बदलणारी क्षेत्रं, म्हणजे लिफ्ट, पार्किंगमधली गाडी, मेट्रो, भिंतीतली वायर, आणि माणसाचं स्वतःचं हृदय, ज्याचं क्षेत्र छातीपाशी मोजलं तर अल्फापेक्षा कितीतरी पट मोठं भरतं.

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोहेनने १९६८ साली तांब्याच्या तारेचे दहा लाख वेढे असलेल्या कॉइलने अल्फा लहर मोजली तेव्हा ती नॉइजमधून वर काढायला त्याला ईईजीचा (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने घेतलेल्या विद्युत नोंदीचा) आधार घेऊन अ‍ॅव्हरेज काढावा लागला होता, आणि १९७२ मध्ये एमआयटीतल्या शील्डेड रूममध्ये स्क्विड लावल्यावर तीच लहर अ‍ॅव्हरेज न काढता थेट दिसली. आकडेमोड उलट कमी झाली, बदलला तो सेन्सर आणि खोली. नॉइजवरची सगळ्यात मोठी मात सॉफ्टवेअरच्या आधीच होते हे यातून दिसतं, म्हणून सुरुवात रेकॉर्डिंगपासूनच करू.

पायरी पहिली: माणूस खोलीत जायच्या आधी

शील्डेड रूम म्हणजे म्यू-मेटल आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर. म्यू-मेटल संथ बदलणारं क्षेत्र स्वतःतून वळवून नेतं आणि अ‍ॅल्युमिनियम वेगाने बदलणारं अडवतं. पण माणूस स्वतःच आत धातू घेऊन गेला तर ही खोली काय करणार. आणि आपल्याकडची माणसं धातू फार घालतात राव! साडीच्या निऱ्यांची पिन, पदराची पिन, ब्लाउजचे हुक, ब्राची तार, केसातले आकडे, अंबाड्याच्या यू पिना, जोडवी, करदोट्याला बांधलेली किल्ली, दंडातला ताईत, हातातलं लोखंडी कडं. सोनं-चांदी चुंबकीय नसते हे खरं, पण मंगळसूत्राची तार किंवा हुक कशाचा आहे ते सोनाराशिवाय कुणाला माहीत नसतं, आणि जोडवी चांदीचीच असतील याची खात्री नाही.

मंगळसूत्र काढा असं ऐनवेळी दारात सांगितलं तर बरंच अवघडल्यासारखं होतं, एखादी मावशी सरळ नाहीच म्हणते. त्यापेक्षा अपॉइंटमेंटच्या फोनवरच सांगून टाकावं, "काकू, मशिनमध्ये कुठलाच धातू चालत नाही, मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं थोडा वेळ उतरवावं लागेल, डबी आम्ही देऊ आणि ती तुमच्या माणसाकडेच राहील." एवढं सांगितलं की सहसा काही अडत नाही. कपडे लॅबचेच द्या, नाडीवाले, चेन-हुक काही नको. मस्कारा, आयलायनर पुसायला लावा, कारण कित्येकांत आयर्न ऑक्साइड असतं आणि पापणी हलली की तेही हलतं.

दातांचं काम झालेलं असेल, विशेषतः ब्रेसेस किंवा स्टीलची कॅप, तर त्रास होणार हे धरून चाला. आणि एमआरआय पण काढायचा असेल तर एमईजी आधी, एमआरआय नंतर, नेहमी याच क्रमाने, कारण एमआरआयच्या चुंबकातून गेलेली दातातली तार चुंबकत्व घेऊन बाहेर येते. तसं झालंच असेल तर हातात धरायच्या डीगॉसरने (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राने) काही वेळा काम निभावतं.

आत बसवल्यावर लगेच रेकॉर्डिंग सुरू करू नका. स्क्रीनवर लाइव्ह ट्रेस बघत त्याला इंटरकॉमवर सांगा: खोल श्वास घ्या, सोडा, डोळे मिचकवा, दात आवळा, मान जराशी हलवा. श्वासाबरोबर ट्रेस समुद्राच्या लाटेसारखा संथ वरखाली होत असेल तर छाती-पोटापाशी धातू आहे, परत बाहेर काढा आणि शोधा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात, ती न करता काढलेला डेटा साफ करायला दोन दिवसही जाऊ शकतात आणि तरी साफ होईलच असं नाही.

अजून दोन गोष्टी. ईसीजी (हृदयाचे) आणि ईओजीचे (डोळ्यांच्या हालचालीचे) इलेक्ट्रोड लावाच, पुढे आयसीएच्या वेळी जीव वाचतो. आणि त्याच दिवशी, माणूस येण्याआधी किंवा गेल्यावर, रिकाम्या खोलीचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्याच सेटिंगवर घ्या. याला एम्प्टी रूम म्हणतात, नवीन लोक कंटाळा करून हेच गाळतात आणि सोर्स लोकलायझेशनला, म्हणजे सिग्नल मेंदूत कुठून येतो ते शोधायला, आले की धावाधाव होते.

एक्सपेरिमेंट डिझाइन करतानाची पण एक खोड सांगून ठेवतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दोन स्टिम्युलसमधलं अंतर बरोब्बर १००० मिलिसेकंद ठेवलंत तर मध्ये पूर्ण ५० आवर्तनं बसतात, प्रत्येक ट्रायलला, म्हणजे स्टिम्युलसच्या प्रत्येक खेपेला, विजेची लाट जवळपास त्याच फेजला सापडते आणि मग कितीही ट्रायल अ‍ॅव्हरेज करा, ती कमी होत नाही. अंतर थोडं कमीजास्त ठेवा, कधी ९३७, कधी १०६१, रँडम. फुकटात नॉइज जातो.

पायरी दुसरी: नुसतं बघा

डेटा उघडल्यावर काहीही चालवू नका, आधी रॉ ट्रेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवत बघा, आणि मग पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख) काढा. स्पेक्ट्रममध्ये काय दिसतं ते ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं. ५०, १००, १५० हर्ट्झला सुईसारखे उभे पीक म्हणजे वीज. सॅम्पल डेटा अमेरिकेतला आहे म्हणून त्यात ते ६० आणि १२० ला दिसतील, आपला कोड ५० धरून तसाच चालवला तर नॉच (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) भलत्याच जागी बसेल. १७२ हर्ट्झच्या पुढे त्या डेटात काही दिसत नाही कारण रेकॉर्डिंगच्या वेळीच तिथे लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावलेला होता. नव्या मशिनवर ३०० हर्ट्झच्या आजूबाजूला चार-पाच बारीक सुया दिसल्या तर घाबरू नका, त्या डोक्याची जागा कळावी म्हणून लावलेल्या हेड पोझिशन कॉइलच्या असतात. २० हर्ट्झच्या वर सगळंच पसरट उचललेलं असेल तर जबड्याचे किंवा मानेचे स्नायू. एक हर्ट्झच्या खाली डोंगर असेल तर श्वास, हालचाल, गाडी, लिफ्ट यापैकी काहीतरी. आणि १० हर्ट्झला टेकडी दिसली तर तो मेंदू आहे, अल्फा आहे, त्याला नॉइज समजून कापणारेही लोक मी बघितलेत.

मॅग्नेटोमीटर आणि ग्रॅडिओमीटर वेगवेगळे बघा. मेगिन कंपनीच्या ३०६ चॅनलच्या मशिनमध्ये १०२ जागा असतात आणि प्रत्येक जागी एक मॅग्नेटोमीटर आणि दोन ग्रॅडिओमीटर. ग्रॅडिओमीटर जवळजवळच्या दोन ठिकाणांमधला फरक मोजतो, लांबून आलेलं क्षेत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं म्हणून ते आपोआप वजा होतं. त्यामुळे मॅग्नेटोमीटर घाण आणि ग्रॅडिओमीटर बरे दिसत असतील तर नॉइज बाहेरचा, दोन्ही घाण असतील तर बहुतेक माणसाच्या अंगावरचाच किंवा सेन्सरचा.

पायरी तिसरी: खराब चॅनल

एखादं चॅनल सपाट असतं, एखादं सतत सळसळत असतं, एखाद्यात मध्येच पायरीसारखी उडी येते, तिला फ्लक्स जंप म्हणतात. सॅम्पल डेटात मेग २४४३ हे चॅनल आधीच खराब म्हणून नोंदलेलं आहे, ते बाकीच्यांच्या शेजारी लावून बघा म्हणजे डोळ्याला सवय होईल. एमएनईमध्ये खराब चॅनल आपोआप शोधणारं फंक्शन आहे, ते चालवा, पण त्याच्या यादीवर स्वतःची नजर फिरवा.

ही पायरी इथेच, एसएसएसच्या (पुढच्या पायरीतल्या, बाहेरचा नॉइज काढायच्या पद्धतीच्या) आधीच का, तर एसएसएस सगळ्या सेन्सरचा डेटा एकत्र घेऊन क्षेत्र नव्याने मांडतं, आणि एक नासका आंबा सगळी अढी नासवतो तसं एक खराब चॅनल उरलेल्या ३०५ मध्ये पसरतं. एकदा पसरलं की नंतर ते वेगळं काढता येत नाही, रॉ फाइलपासून परत सुरू करावं लागतं.

पायरी चौथी: बाहेरचा नॉइज काढणं, एसएसएस किंवा एसएसपी

एसएसएस म्हणजे सिग्नल स्पेस सेपरेशन, फिनलंडच्या सामू टाउलू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसवलेली पद्धत. कल्पना सुंदर आहे. हेल्मेटच्या आतून येणारं क्षेत्र आणि बाहेरून येणारं क्षेत्र गणिताने वेगळं लिहिता येतं, मग बाहेरचं टाकून द्यायचं. नेहमीच्या सेटिंगला आतल्यासाठी ऑर्डर ८ आणि बाहेरच्यासाठी ३ असते, म्हणजे आतले ८० आणि बाहेरचे १५ घटक. हे आकडे नवीन माणसाने बदलायचे नाहीत. फाइन कॅलिब्रेशन आणि क्रॉस-टॉकच्या फाइली आपल्याच मशिनच्या द्यायच्या, नाहीतर एसएसएस अर्धवट काम करतं.

दातातली तार, पेसमेकर, शंट, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर असे नॉइज सेन्सरच्या इतके जवळ असतात की आत-बाहेर ही विभागणी तिथे नीट लागू पडत नाही, अशा वेळी त्याचं टेम्पोरल व्हर्जन म्हणजे टीएसएसएस वापरतात. ते आतल्या आणि बाहेरच्या सिग्नलमध्ये एकसारखं हलणारं काही आहे का हे सहसा १० सेकंदांच्या तुकड्यांत बघतं आणि कोरिलेशन ०.९८ च्या वर गेलं की ते काढून टाकतं. मर्यादा ०.९ वर आणली तर जास्त साफ होतं, पण मेंदूचा सिग्नलही जाण्याची शक्यता वाढते, तेव्हा खरंच गरज असेल तरच. आणखी एक, १० सेकंदांचा तुकडा म्हणजे ०.१ हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावल्यासारखंच होतं, संथ लहरींवर काम करत असाल तर हे लक्षात असू द्या.

एसएसएस करायचं नसेल तर एसएसपी, म्हणजे सिग्नल स्पेस प्रोजेक्शन. रिकाम्या खोलीच्या रेकॉर्डिंगमधून नॉइजचे मुख्य आकार काढायचे आणि डेटातून तेवढे वजा करायचे. सॅम्पल फाइलमध्ये असे तीन प्रोजेक्टर तयारच आहेत, १०२ मॅग्नेटोमीटरसाठी. ते चालू-बंद करून बघा, फरक डोळ्याला दिसतो. दोन्ही एकावर एक मात्र लावू नका, एसएसएस झाल्यावर नॉइजचा आकारच बदललेला असतो, जुने प्रोजेक्टर मग उगाच सिग्नल कापतात. सीटीएफ कंपनीचं मशिन असेल तर तिथे लांबचे रेफरन्स सेन्सर असतात आणि थर्ड-ऑर्डर ग्रेडियंट करेक्शन असतं, ते वापरा. आणि जे काही कराल ते एम्प्टी रूमच्या फाइललाही अगदी तसंच करा, नाहीतर नॉइज कोव्हेरियन्स (कुठल्या सेन्सरमध्ये किती आणि कसा नॉइज आहे त्याचा हिशेब) एका जगातला आणि डेटा दुसऱ्या.

पायरी पाचवी: फिल्टर, पण जपून

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते कारण फिल्टर लावणं सोपं आहे आणि लावल्यावर ट्रेस छान गुळगुळीत दिसतो. इव्होक्ड रिस्पॉन्स (स्टिम्युलसला मेंदूने दिलेला प्रतिसाद) बघायचाय आणि ४० हर्ट्झचा लो-पास लावणारच आहात तर ५० चा नॉच कशाला, ५० त्यातच गेला की. नॉच लागतो तो गॅमा (मेंदूच्या वेगवान लहरी) बघायचा असेल तेव्हा, आणि तेव्हा १०० आणि १५० पण विसरू नका. हाय-पास ०.१ हर्ट्झपाशी ठेवा. १ हर्ट्झचा हाय-पास बेसलाइन झटकन सरळ करतो म्हणून लोकांना आवडतो, पण ४०० मिलिसेकंदांनंतरच्या संथ रिस्पॉन्सच्या आजूबाजूला तो उलट दिशेचे खोटे उंचवटे तयार करतो आणि मग कुणीतरी त्यालाच निष्कर्ष समजून पोस्टर बनवतं. फिल्टर नेहमी सलग डेटावर लावायचा, एपॉक (प्रत्येक ट्रायलभोवतीचे छोटे तुकडे) कापल्यावर नाही, कारण छोट्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना फिल्टर गोंधळ घालतो.

पायरी सहावी: आता आयसीए

डोळ्यांची उघडझाप आणि हृदय यांच्यासाठी आयसीए उत्तम. त्यासाठी डेटाची एक कॉपी करा, तिला १ हर्ट्झचा हाय-पास लावा, आयसीए तिच्यावर शिकवा, आणि सापडलेले कम्पोनंट मूळ ०.१ हर्ट्झवाल्या डेटातून काढा. एसएसएस झालेलं असेल तर ३०६ चॅनल असूनही डेटाची खरी रँक (एकमेकांपासून स्वतंत्र घटकांची संख्या) साठ-सत्तरच्या घरात उरलेली असते, तेव्हा शंभर कम्पोनंट मागू नका, वीस-तीस पुरतात.

सॅम्पल डेटावर एमएनईचा स्वतःचा धडा १५ कम्पोनंट काढतो, त्यात पहिला उघडझापेचा निघतो आणि दुसरा हृदयाचा. दोन्ही नीट निरखून घ्या. उघडझापेच्या नकाशात सगळा जोर पुढे, दोन्ही डोळ्यांच्या वर, आणि वेळेच्या आलेखात मध्येच उंच उसळ्या, बाकी शांत. हृदयाचा आलेख ठरावीक अंतराने टोकदार, अगदी ईसीजीच्या पट्टीसारखा. गंमत म्हणजे त्या डेटात ईओजी आहे पण ईसीजीचं चॅनलच नाही, तरीही हृदय सापडतं, कारण सगळ्या मॅग्नेटोमीटरची बेरीज-सरासरी करून एमएनई कामचलाऊ ईसीजी बनवून घेतं.

काढायचे किती? बहुतेकांचे दोन ते चार, उघडझापेचा एखादा, नजर इकडेतिकडे जाते त्याचा एखादा, हृदयाचे एक-दोन. ईओजी-ईसीजीशी जुळतोय, नकाशा पण जुळतोय, मगच काढा. "हा जरा विचित्र दिसतोय" म्हणून दहा-बारा कम्पोनंट उडवणारे असतात, त्यांचा डेटा दिसायला स्वच्छ असतो आणि आत मेंदू थोडाच उरलेला असतो.

स्नायूंसाठी आयसीएवर फार विसंबू नका. ११० ते १४० हर्ट्झचा पट्टा बघून स्नायूंची सळसळ असलेले तुकडे शोधणारं फंक्शन एमएनईमध्ये आहे, ते तुकडे खूण करून सरळ बाजूला ठेवा.

पायरी सातवी: एपॉक, रिजेक्शन, अ‍ॅव्हरेज

आता कापा. ज्या ट्रायलमध्ये मॅग्नेटोमीटर ४००० फेम्टोटेस्लाच्या वर किंवा ग्रॅडिओमीटर दर सेंटिमीटरला ४००० फेम्टोटेस्लाच्या वर जातोय ती टाका, सुरुवातीला हे आकडे बरे आहेत, नंतर स्वतःच्या डेटाप्रमाणे बदला. एक तृतीयांशाहून जास्त ट्रायल गळत असतील तर मर्यादा सैल करायच्या आधी मागे जा आणि खराब चॅनल राहिलंय का बघा, बहुतेक वेळा एकच चॅनल सगळ्या ट्रायल मारत असतं, ड्रॉप लॉगचा (कुठली ट्रायल कशामुळे गळली त्या नोंदीचा) आलेख काढलात की नावासकट सापडतं.

अ‍ॅव्हरेजने नॉइज ट्रायलच्या वर्गमुळाने कमी होतो. १०० ट्रायलना दहापट, ४०० ना वीसपट, म्हणजे माणसाला चौपट वेळ बसवून फायदा फक्त दुप्पट, आणि तोपर्यंत तो आत पेंगायला लागलेला असतो आणि अल्फा वाढलेला असतो. त्यापेक्षा ब्लॉक छोटे ठेवा, मध्ये पाणी पाजा, पाय मोकळे करू द्या, आणि परत बसवताना डोक्याची जागा पुन्हा मोजा.

दोन कंडिशनची तुलना असेल तर शेवटी ट्रायलची संख्या सारखी करून घ्या. एकीकडे ११० आणि दुसरीकडे ६२ ट्रायल असतील तर ६२ वाल्यात नॉइज जास्त उरतो, आणि पीकची उंची किंवा सोर्सची ताकद मोजलीत की तो उरलेला नॉइजच तिथे जास्त सिग्नल म्हणून दिसतो. पेपरच्या मेथड्समध्ये किती चॅनल खराब निघाले, किती कम्पोनंट काढले, प्रत्येक कंडिशनमध्ये किती ट्रायल उरल्या हे तिन्ही आकडे लिहा, रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारतो.